पन्नास-शंभरचं टेबल आणि एका डावात गेलेले दहा हजार

कोल्हापुरातल्या गुजरीत चांदीचं दुकान असलेला माझा एक दोस्त गेल्या पावसाळ्यात आंबोली घाटातून गोव्याला गेला. धबधबा बघायचा, मासे खायचे, एवढाच बेत होता. पण पणजीत मांडवीच्या पाण्यात दिवे लावून उभी असलेली कॅसिनोची जहाजं दिसली आणि पावलं तिकडं वळली. पोकर त्याला नवा नव्हता. आमच्या शिवाजी पेठेतल्या शनिवारच्या बैठकीत तो चिंचोके लावून वर्षभर खेळलाय. टेबलाशेजारच्या पाटीवर लिहिलं होतं ५०/१००. त्यानं मनात हिशेब केला: मोठ्यात मोठी बोली शंभरची, म्हणजे एका डावात फार तर हजार-बाराशे जातील. दहा हजारांच्या चिप्स घेतल्या तर रात्र निघेल.

चौथ्या डावात तो टेबलावरून उठला.

परत आल्यावर रंकाळ्यावर भेळ खाता खाता मला म्हणाला, "लगा, पाटीवर पन्नास-शंभर लिहायचं आणि एका डावात दहा हजार घ्यायचं, ही फसवणूक न्हवं काय?"

फसवणूक नव्हती. पाटी खरं बोलत होती, यानं ती आमच्या बैठकीच्या भाषेत वाचली. आणि त्याचा हिशेबही तसा चुकीचा नव्हता, फक्त तो दुसऱ्याच खेळाचा होता. पुढचं सगळं त्याला समजावताना जे बोललो तेच आहे, भेळेचं बिल सोडून.

आधी दोन मिनिटांत खेळ. होल्डेम नावाच्या प्रकारात प्रत्येकाला दोन पानं उलटी मिळतात आणि मध्ये पाच पानं उघडी मांडली जातात: आधी तीन एकदम, मग एक, मग आणखी एक. या सातांतून सगळ्यात भारी पाच पानं ज्याची, त्याचा पॉट, म्हणजे मध्ये जमलेले सगळे पैसे. बोली लावायच्या फेऱ्या चार. पहिली फक्त हातातल्या दोन पानांवर, दुसरी तीन पानं उघडल्यावर, तिसरी चौथ्या पानाला, चौथी शेवटच्या पानाला. तीन पानीत आपण सगळे बूट, म्हणजे सुरुवातीची ठरलेली रक्कम, टाकतो. इथं ते काम दोघंच करतात. डीलरच्या, म्हणजे पानं वाटणाऱ्याच्या, बटणाच्या (पाळी दाखवणाऱ्या चकतीच्या) डावीकडचा पहिला माणूस लहान रक्कम टाकतो, दुसरा मोठी. त्यांना स्मॉल ब्लाइंड आणि बिग ब्लाइंड म्हणतात. आपल्या 'ब्लाइंड खेळतो' याच्याशी याचा फारसा संबंध नाही. पानं बघायच्या आत टाकायला लागतात म्हणून ते नाव.

आता बोली किती लावायची, हा प्रश्न. तीन पानीत आपल्याकडं एक साधी मर्यादा सगळ्यांना पाठ असते. ब्लाइंड खेळणारा चालू चाल ठेवतो किंवा दुप्पट करतो. पानं बघितलेला त्याच्या दुपटीपासून चौपटीपर्यंत जातो. म्हणजे एका चालीला मर्यादा आहे, पण फेऱ्यांना नाही. दोन हट्टी माणसं समोरासमोर बसली तर पहाट होते. होल्डेममध्ये उलटं आहे. फेऱ्या चारच, ठरलेल्या. त्यामुळं एका बोलीला किती मर्यादा, यावरच अख्ख्या डावाचा आकार ठरतो.

आमच्या बैठकीत आम्ही ५/१० खेळतो, आणि तो फिक्स्ड लिमिटचा खेळ आहे. पहिल्या दोन फेऱ्यांत बोली पाच चिंचोक्यांची, शेवटच्या दोन फेऱ्यांत दहाची. सहा नाही, वीस नाही. वाढवायचं असलं तरी तेवढ्यानंच वाढवायचं, आणि एका फेरीत एक बोली आणि तीन वाढी, इथं कुलूप. बहुतेक ठिकाणी हेच कुलूप असतं; काही ठिकाणी चार वाढी चालतात, आणि दोघंच उरले तर काही जण कुलूप काढतात. आम्ही फिक्स्ड का खेळतो, याचं कारण तात्त्विक वगैरे नाही. एकदा मर्यादा काढून बघितली तर अर्ध्या तासात सगळ्यांचे चिंचोके एकाच्या पुढ्यात गेले आणि मटण अजून शिजायचं होतं.

दोस्तानं हाच साचा गोव्याच्या पाटीवर ठेवला. फिक्स्ड लिमिटचं ५०/१०० असतं तर एका डावात जास्तीत जास्त काय गेलं असतं? पहिल्या फेरीत पन्नासाच्या चार म्हणजे २००, दुसरीत २००, तिसरीत शंभराच्या चार म्हणजे ४००, चौथीत ४००. एकूण १,२००. त्याचा अंदाज रुपयाला रुपया बरोबर होता.

पण ते टेबल नो-लिमिट होतं, आणि नो-लिमिटच्या पाटीवरचे आकडे बोलीचे नसतात, ब्लाइंडचे असतात. पन्नास हा स्मॉल ब्लाइंड, शंभर हा बिग ब्लाइंड. शंभर ही तिथं सगळ्यात मोठी बोली नाही, सगळ्यात लहान बोली आहे. वर छत नाही. एकाच धाटणीची पाटी, एकात आकडा छताचा आणि दुसऱ्यात जमिनीचा! हा घोळ जगभर आहे आणि तो कुणी मुद्दाम केलेला नाही, सवयीनं पडलाय. म्हणून टेबलावर बसायच्या आधी आकड्याच्या पुढचा शब्द वाचायचा. तो शब्द नसला तर विचारायचा. विचारण्यात कमीपणा नाही. टेबलावरचा डीलर दिवसातनं पन्नासदा हेच सांगतो.

तोच डाव, तीन टेबलांवर

दोस्ताच्या हातात बदामाची दोन पानं होती. मध्ये चार पानं उघडी, त्यातली दोन बदामाची. म्हणजे चार बदाम झालेली, पाचवं आलं तर फ्लश, आणि फ्लश बहुतेक वेळा जिंकतो. पॉटमध्ये ३,१५० होते: दोघांचे दीड-दीड हजार आणि पॅक झालेल्यांचे, म्हणजे पानं टाकून दिलेल्यांचे, ब्लाइंड. याच्यासमोर ८,५०० उरलेले. समोरच्यानं त्याच्याहून मोठा ढीग सरळ पुढं ढकलला.

आता पानांचा हिशेब बघा. याला सहा पानं दिसतात, न दिसणारी ४६. तेरा बदामांतली चार दिसली, नऊ उरली. म्हणजे ४६ पैकी ९ वेळा काम होणार, ३७ वेळा नाही. साधारण चारास एक. अशा वेळी एक रुपया लावायचा असेल तर समोर चार रुपयांहून जास्त मिळायला हवेत, नाहीतर धंदा तोट्याचा. गुजरीतल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

त्याला काय भाव मिळाला? ८,५०० टाकायचे आणि जिंकायचे ते पॉटमधले ३,१५० आणि समोरच्याचे ८,५००, म्हणजे ११,६५०. रुपयाला सव्वा रुपयाच्या थोडं वर. चाराच्या मालाला सव्वाचा भाव! असाच कॉल, म्हणजे समोरच्याएवढे भरणं, ४६ वेळा केला तर ९ वेळा ११,६५० मिळतील आणि ३७ वेळा ८,५०० जातील. भागाकार करा, दर वेळी सरासरी साडेचार हजारांचा तोटा. काळं पान आलं, हे नशीब झालं. कॉल मात्र पान यायच्या आधीच चुकलेला होता.

तोच माणूस, तीच पानं, पण फिक्स्ड लिमिटचं ५०/१००. पहिल्या दोन फेऱ्या कुलपापर्यंत तापल्या असं धरू: दोघांचे चार-चारशे आणि पॅक झालेल्यांचे ब्लाइंड २५ आणि ५० मिळून ८७५. तिसऱ्या फेरीत समोरचा लावू लावू म्हणून किती लावणार? शंभर. म्हणजे १०० टाकून ९७५ जिंकायचे, जवळजवळ दहास एक. चाराच्या मालाला दहाचा भाव. इथं पॅक करणारा वेडा.

मला सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच. आमच्या बैठकीत चार बदाम हातात घेऊन पाचव्याच्या मागं धावायची सवय त्याला लागली, आणि ती तिथं बरोबरच होती. वर्षभर तो बरोबर खेळत होता. मर्यादा बदलली आणि तीच बरोबर सवय दहा हजारांची चूक झाली. मर्यादेकडं लोक फक्त 'खिशाला झेपेल का' म्हणून बघतात. पण ती कुठलं पान खेळायचं आणि कुठलं टाकायचं, हेही ठरवते. फिक्स्डमध्ये समोरच्याला पळवून लावता येत नाही, भाव फार स्वस्त पडतो. त्यामुळं शेवटी चांगली पानं जिंकतात आणि बारीक बारीक फायदे साठवावे लागतात. नो-लिमिटमध्ये भाव तुम्ही ठरवता. खासबागेत निकाली कुस्ती बघितलेल्यांना फरक पटकन कळेल. गुणांवरच्या कुस्तीत एक डाव फसला तर दोन गुण जातात, पुढं भरून काढता येतात. निकालीत पंचवीस मिनिटं भारी पडलेला मल्लही एका क्षणाला चितपट होतो आणि मागची पंचवीस मिनिटं कुणी मोजत नाही.

तिसरं टेबल पॉट-लिमिटचं. गोव्यात ओमाहा नावाचा, चार पानं हातात देणारा प्रकार याच पद्धतीनं खेळतात. इथं बोली पॉटएवढी लावता येते, त्याहून जास्त नाही. ऐकायला मध्यममार्गी वाटतं. वाढवताना मात्र हिशेब थोडा वाकडा आहे, कारण आधी समोरच्याची बोली भरली असं धरायचं, मग जमलेला पॉट मोजायचा, आणि तेवढं वर टाकता येतं. पॉटमध्ये १०० आहेत, एकानं ५० लावले. तुमचे ५० भरले की पॉट २००. तेवढे वर टाकायचे, म्हणजे तुमच्या हातून एकूण २५० जाणार. तोंडी करायला सोपी रीत: समोरच्याच्या बोलीची तिप्पट, अधिक त्याआधीचा पॉट. दीडशे आणि शंभर, अडीचशे. न जमलं तरी चालतं, 'पॉट' एवढं म्हटलं की डीलर मोजून देतो.

त्या बदामांच्या डावात समोरच्याला ३,१५० पेक्षा जास्त लावता आले नसते. ३,१५० टाकून ६,३०० जिंकायचे, दोनास एक. भाव अजूनही वाईट, पण त्यानं चुकून भरले असते तरी ५,३५० हातात राहिले असते.

मात्र पॉट-लिमिटला 'बेतानं' समजू नका. ५०/१०० ब्लाइंडवर एकानं पहिल्या फेरीत पॉटएवढं वाढवून ३५० केले आणि ब्लाइंड सोडून दुसऱ्या कुणी एकानं भरले. ब्लाइंड पॅक झाले, पॉट ८५०. पुढच्या फेरीत ८५० लावले, भरले, पॉट २,५५०. पुढं २,५५०, पॉट ७,६५०. शेवटी ७,६५०. एकदाही कुणी उलटून वाढवलं नाही, दर फेरीला फक्त एक बोली, आणि प्रत्येकाचे ११,४०० आत गेले. दर फेरीला तिप्पट. सावकाराच्या व्याजाचा हिशेब आपल्याकडं आजोबा-पणजोबांनी भोगलाय, आपल्याला हे दिसायला हरकत नाही.

चौथा एक प्रकार आहे, स्प्रेड लिमिट: १ ते ५ च्या मधली कुठलीही बोली चालते, वर नाही. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात १९९१ मध्ये कॅसिनो सुरू झाले तेव्हा कायद्यानंच बोलीला पाच डॉलरचं छत घातलं होतं. २००९ मध्ये ते शंभर झालं, पुढं तेही गेलं. आपल्याकडं तो दिसणार नाही, सोडून देऊ.

सातबारा टेबलावर चालत नाही

'नो-लिमिट' म्हटल्यावर लोकांना वाटतं, आता घरदार लावतील. सिनेमात गाडीच्या किल्ल्या टेबलावर पडतात ना, त्याचा परिणाम. खऱ्या टेबलावर डाव सुरू होताना तुमच्यासमोर जेवढ्या चिप्स आहेत, तेवढ्याच त्या डावात तुम्ही हरू शकता. डावाच्या मध्ये पाकीट निघत नाही, एटीएमला जाता येत नाही, आणि सातबारा तर नाहीच नाही. तसंच जिंकलेल्या चिप्स खेळ चालू असताना हळूच खिशात टाकायलाही बंदी आहे. म्हणजे नो-लिमिटला एक लिमिट असतंच, आणि ते तुम्ही स्वतः खुर्चीवर बसताना ठरवलेलं असतं. दोस्तानं दहा हजार घेतले तेव्हाच त्या डावाची मर्यादा दहा हजार ठरली होती. पाटीवर जो आकडा तो शोधत होता, तो त्याच्या पुढ्यात रचलेला होता.

या नियमामागं न्याय आहे. आमच्याकडच्या तीन पानीत मी हे किती वेळा बघितलंय: पानं बरी असलेला गरीब माणूस शेवटी पॅक होतो, कारण समोरच्याचा खिसा खोल. पोकरमध्ये तसं होत नाही. २,००० असलेला माणूस २,००० टाकून ऑल-इन होतो आणि शेवटपर्यंत डावात राहतो. बाकी दोघांकडं पाच-पाच हजार असतील तर तिघांचे दोन-दोन हजार मिळून ६,००० चा मुख्य पॉट, त्यावर तिघांचा हक्क. वरच्या तीन-तीन हजारांचा ६,००० चा साइड पॉट, तो फक्त त्या दोघांत. खिसा खोल असल्याचा फायदा होतो, पण गरिबाला हुसकावता येत नाही.

वाढवायच्या रकमेलाही खालची मर्यादा असते, आणि नवखे इथं अडखळतात. शंभराच्या ब्लाइंडवर एकानं ३०० केले, म्हणजे वाढ २०० ची. पुढच्याला वाढवायचं असेल तर किमान तेवढीच वाढ: ५००. चारशे म्हणता येत नाही. ज्याच्याकडं ४२० च उरलेत तो ऑल-इन जाऊ शकतो, पण ती पुरी वाढ धरत नाहीत. मग आधी ३०० केलेल्या माणसाकडं फिरून आलं, मध्ये कुणी पुरी वाढ केलेली नसली, तर त्याला १२० भरायचे किंवा पॅक व्हायचं; नव्यानं वाढवता येत नाही. पहिल्यांदा हे ऐकून माझं डोकं गरगरलं होतं. दोनदा खेळलात की बसतं.

चिप्स टाकायचीही शिस्त आहे. मार्केट यार्डात गुळाच्या सौद्यात तोंडातनं भाव गेला की गेला, तसंच इथं. आपली पाळी आल्यावर 'रेझ' (वाढवतो) म्हटलं की रेझ, 'कॉल' म्हटलं की कॉल, हात कितीही थरथरू दे. 'तुझे दोनशे... आणि वर पाचशे' असं दोन दमात म्हणता येत नाही. पहिलं वाक्य धरतात आणि तो कॉल होतो. काही न बोलता हजाराची एकच चिप टाकली आणि समोरची बोली दोनशेची असली तर तोही कॉलच, आठशे परत मिळतात. कारण सरळ आहे: अर्धं टाकून समोरच्याचा चेहरा बघायचा आणि मग उरलेलं ठरवायचं, ही लबाडी होऊ नये.

फिक्स्ड लिमिट म्हणजे चिल्लर खेळ, असाही एक समज आहे. टेक्ससचा बँकर अँडी बील लास वेगासच्या बेलाजिओमध्ये २००४ साली नामांकित खेळाडूंच्या गटाशी फिक्स्ड लिमिट खेळला, आणि पाटी होती १,००,०००/२,००,००० डॉलरची. लिमिटचा प्रकार आणि लिमिटचा आकडा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

फिक्स्ड तुलनेनं सोपा आहे, हे मात्र यंत्रांनी सिद्ध केलंय. जानेवारी २०१५ मध्ये कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी दोन खेळाडूंचा फिक्स्ड लिमिट होल्डेम संगणकानं जवळपास पूर्ण सोडवला. आयुष्यभर खेळलात तरी त्या प्रोग्रॅमची चूक पकडता येणार नाही, इतका. बोलीचा आकार ठरलेला असल्यामुळं डाव पुढं कसा जाईल याच्या शक्यतांच्या फांद्या मोजण्याजोग्या उरतात. नो-लिमिटमध्ये दर फेरीला शंभर, एकशे दहा, सातशे, सगळं चालतं, आणि फांद्यांना अंत राहत नाही. तो अजून तसा सुटलेला नाही, पण २०१७ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या लिब्रॅटस या प्रोग्रॅमनं वीस दिवसांत १,२०,००० डाव खेळून चार व्यावसायिक खेळाडूंना हरवलं. टीव्हीवर मात्र नो-लिमिटच चालतो. २००३ च्या जागतिक स्पर्धेत क्रिस मनीमेकर नावाचा अकाउंटंट छोट्या ऑनलाइन पात्रता फेरीतून आला आणि २५ लाख डॉलर जिंकून गेला, तेव्हापासून फिक्स्डची टेबलं ओस पडत गेली. सगळा ढीग पुढं ढकलणारा हात बघायला लोक थांबतात. दहा-दहा चिंचोके मोजणारा हात बघायला कोण थांबणार?

कायद्याचं एका दमात सांगतो, कारण पुढच्या शनिवारी कुणी 'चिंचोक्याला दहा रुपये धरू' म्हणेलच. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आजही लागू आहे. राज्यानं १९७६ मध्ये कॅसिनोंसाठी कायदा केला होता, पण तो कधी अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये रद्दच झाला. मोबाइलवर पैसे लावून खेळायचे खेळ २०२५ च्या केंद्रीय कायद्यानं बंद केले. आपल्याला जवळचा उरला गोवा, जिथं १९९० च्या दशकातल्या दुरुस्त्यांनी पंचतारांकित हॉटेलं आणि जहाजांना परवानगी मिळाली. तिथं दर पॉटमधनं कॅसिनोचा वाटा कापला जातो, त्याला रेक म्हणतात. त्याची टक्केवारी आणि कमाल रक्कम बसायच्या आधी विचारून घ्यावी. तोही एक लिमिटचाच प्रश्न आहे.

दिवाळीनंतर दोस्त परत पणजीला गेला. या वेळी काउंटरवरच विचारलं, कुठला खेळ, ब्लाइंड किती, कमीत कमी किती घेऊन बसता येतं. उत्तर मिळालं नो-लिमिट, पन्नास-शंभर, चार हजार. चार हजार घेतले. अकराच्या सुमारास मला मेसेज आला: "चार बदाम आलेली. समोरच्यानं सगळं ढकललं. भाव काढला, दीड येत होता."

मी विचारलं, मग?

"पॅक. पाचवं बदामच आलं, आईशप्पथ."